पाच घोट, नऊ वळी

मटिल्डाचं हॉटेल भुईगावच्या रस्त्याला आहे. हॉटेल म्हणजे तिच्या वाडीचाच पुढचा तुकडा. वर पत्रा, खाली लाद्या, आठ टेबलं, आणि टेबलांना लागूनच केळी. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की अर्ध्या तासात तिथे जागा उरत नाही. गावातले लोक असतात, पूर्वेकडून स्कूटरवर आलेली फ्लॅटवाली कुटुंबं असतात, मांदेली तळल्याचा वास असतो आणि जेवण येईपर्यंत बिअर असते.

बिअर संपली की खेळ. रिकामा ग्लास उचलायचा नाही, हलवायचा नाही. मटिल्डा फडक्याला हात पुसत येते, टेबलाशी उभी राहते आणि 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणून होईल एवढा वेळ थांबते. तेवढ्यात काचेवरचा फेस बसतो. मग ती ग्लास उजेडात धरते. फेसाचं बदक झालं असेल तर पाहुणे. शिडी झाली असेल तर बढती. शेपूट असलेलं काहीही दिसलं तर सासू. सगळं टेबल हसतं. खरं कुणी मानत नाही आणि ग्लास न दाखवता कुणी उठतही नाही.

नियम एकच. ज्याचा ग्लास त्याचेच घोट. दोघांनी प्यायलेला ग्लास मटिल्डा वाचत नाही.

जितेंद्र साळवी या खेळाला हसायचा, पण त्याचं लक्ष भलतीकडेच असायचं. कामणच्या गोदामांमध्ये तो माल तपासतो. ट्रक उघडला की फुटलेली, भिजलेली, चेपलेली खोकी बघायची, फोटो काढायचे, फॉर्म भरायचा. तेलाचा डबा गळला असेल तर डागाची कड कुठे चढलीय आणि कुठे उतरलीय एवढ्यावरून तो सांगतो, की खोकं वाटेत कुठल्या अंगाला कललं होतं. वीस वर्षं हेच केल्यावर बिअरच्या ग्लासाकडेही माणूस तसाच बघणार.

"हे बघ दादा," तो एकदा मोठ्या भावाला म्हणाला होता. "एक घोट घेतला की फेस खाली उतरतो आणि काचेवर एक वळं सोडून जातो. जितके घोट तितकी वळी. आणि पिताना ग्लास आपल्याकडे कलतो, म्हणून वळं आपल्या अंगाला वर चढलेलं असतं. बदक-बिदक काही नाही."

"जितू," हर्षवर्धन म्हणाला होता, "तुला बिअर प्यायचीय की पंचनामा करायचाय?"

बाजूला बसलेली सीमावहिनी हसली होती. ती बिअर प्यायची नाही. लिंबू सोडा घ्यायची आणि दर रविवारी नवऱ्याच्या ग्लासात काय निघतं ते मनापासून ऐकायची.

ही गेल्या वर्षीच्या जूनची गोष्ट.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी हर्षवर्धन ऑफिसातल्या चौघांबरोबर चिंचोटीच्या धबधब्यावर गेला. बंदी होती. सगळे जातात तसे हेही मागच्या वाटेने वर चढले. दुपारी चौघे खाली उतरले. पाचवा डोहात उतरलेला दोघांनी पाहिला होता, वर आलेला कुणीच पाहिला नव्हता. चार दिवस दोर लावून शोधलं, गळ टाकले. पाचव्या दिवशी पाऊस इतका वाढला की शोधणारेच जायचे, म्हणून थांबवलं.

मग सुरू झाले फोन. भाईंदरच्या खाडीत एक सापडलाय, येऊन बघा. केळव्याच्या किनाऱ्याला एक लागलाय, या. भिवंडीला एक आहे, उंची जुळते. जितेंद्र सात वेळा गेला. सात वेळा त्याने नाकाला रुमाल लावून चादर वर होताना बघितली आणि सात वेळा 'हा नाही' म्हणून सही केली. पाचव्या वेळेनंतर त्याला स्वतःचीच शरम वाटायला लागली, कारण 'हा नाही' म्हणताना सुटल्यासारखं वाटायचं ते आता वाटत नव्हतं. नुसता वैताग यायचा. एकदाचा हाच असता तर.

चौकीतला हवालदार भला माणूस होता. चहा द्यायचा आणि दर वेळी तेच सांगायचा: बॉडी नाही म्हणजे मिसिंग. मिसिंग म्हणजे सात वर्षं. तोवर कागदावर माणूस जिवंत.

गोदामातल्या एका कोऱ्या फॉर्मवर जितेंद्रने एकदा दुपारी लिहून बघितलं होतं:

माल: माणूस, एक. हर्षवर्धन शरदचंद्र साळवी, वय ४१.
निघण्याचं ठिकाण: एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व. सकाळी सव्वासात.
पोचण्याचं ठिकाण: तेच. दुपारी जेवायला.
बाहेरून दिसणारं नुकसान:
आतलं नुकसान:
माल ताब्यात घेणाऱ्याची सही:

खालचे तीन रकाने काही केल्या भरेनात. त्याने फॉर्म फाडला, तुकडे करून टाकले आणि पुढच्या ट्रककडे गेला.

मे उजाडला. वसईतली सीमाची लॅबोरेटरी नाशिकला हलणार होती. जे येणार त्यांनी सोमवारपर्यंत पत्र द्यायचं, जे येणार नाहीत त्यांची नोकरी संपली. शुक्रवारी संध्याकाळी जितेंद्र तिच्याकडे गेला तेव्हा कोरा कागद टेबलावर होता, त्याच्यावर पेन होतं, आणि पेनवर बारीक धूळ होती.

"वहिनी, लिहिलंत का?"

"काय लिहू?"

"येते म्हणून."

"ह्यांच्याकडे चावी नाहीये, भावोजी."

हे वाक्य जितेंद्रने दहा महिन्यांत इतक्या वेळा ऐकलं होतं की आता ते ऐकताच त्याच्या जबड्यात कळ यायची. हर्षवर्धन त्या दिवशी चावी न घेता गेला होता. म्हणून सीमा ऑफिसातून थेट घरी यायची, भाजी घ्यायलाही थांबायची नाही. बहिणीच्या लग्नाला गेली नाही. सासूच्या वर्षश्राद्धाला, अर्ध्या तासावर विरारला, आली नाही. तो कधीही येऊन दारात उभा राहील, या एका गोष्टीला तिने स्वतःला बांधून घेतलं होतं, आणि ती गाठ सोडवण्याचं काम कुणीही न सांगता जितेंद्रच्या गळ्यात पडलं होतं.

"शेजारी चावी ठेवू. दारावर माझा नंबर लावू," तो म्हणाला. हेही शंभराव्यांदा.

सीमाने पेन उचललं, धूळ पुसली, परत ठेवलं.

"मटिल्डाआंटीला विचारू या का?"

"काय?"

"ग्लास."

"वहिनी, तो खेळ आहे."

"माहितीये. पोलिसांना विचारून झालं. तुम्हाला विचारून झालं. आता खेळाला विचारते."

"प्यावं लागतं त्याला. तुम्ही पीत नाही."

"एक दिवस पीन," सीमा म्हणाली. "हे येणार नाहीत असं ती म्हणाली तर मी सोमवारी पत्र देईन. शपथ."

जितेंद्र घरी येईपर्यंत चिडलेला होता. जिना चढताना त्याच्या लक्षात आलं की आयती संधी आली आहे.

शनिवारी सकाळी मटिल्डा मागच्या ओट्यावर सुकट निवडत बसली होती. जितेंद्रने उभ्याउभ्याच सांगितलं. उद्या वहिनी येतील. ग्लास वाचायला सांगतील. तुम्ही सांगा की तो गेला.

"गेला म्हणजे?"

"मेला म्हणून सांगा."

मटिल्डाने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "बाबा, मी बदक सांगते, शिडी सांगते. मयत मी कुणाला सांगितलेलं नाही."

"एकदा सांगा."

"आणि तो आला तर?"

"तर मी तुमच्या पाया पडीन. आंटी, दहा महिने झालेत. तुम्हाला वाटतं येईल?"

 सुपात मटिल्डाचा हात फिरत राहिला.

"पोरगी चांगली आहे," शेवटी ती म्हणाली. "सुटली तर बरं. सांगीन मी. पण त्या टेबलावर तू प्यायचं नाही. एक ग्लास, एक माणूस. खोटं माझ्या तोंडून जाईल, खेळ तरी नीट होऊ दे."

रविवारी साडेबाराला त्यांना कडेचं टेबल मिळालं. सीमा केळींकडे पाठ करून बसली, जितेंद्र रस्त्याकडे पाठ करून. तिच्यासमोर बिअर, त्याच्यासमोर लिंबू सोडा. वर पंखा होता, तो दर फेऱ्याला एकदा टक करत होता. पलीकडच्या टेबलावर एका म्हाताऱ्याच्या ग्लासात मटिल्डाला बोकड दिसला होता आणि त्याची नातवंडं त्याच्या दाढीकडे बघून खिदळत होती.

सीमाने ग्लास दोन्ही हातांनी उचलला. औषध घेतल्यासारखा एक घोट घेतला.

"कडू आहे."

"हो."

"ह्यांना काय आवडायचं यात कुणास ठाऊक."

एक, जितेंद्रने मनात मोजलं. त्याला मोजायचं नव्हतं, पण सवय. सगळं सुरळीत चाललं होतं आणि तरी त्याला बसवत नव्हतं. मांदेली मागवून वीस मिनिटं झाली होती. नाशिकच्या घराचे फोटो फोनवर दाखवावेत म्हणून त्याने आणले होते, पण तिने अजून काही विचारलंच नव्हतं. ग्लास लवकर संपावा, मटिल्डाने यावं, वाक्य बोलावं आणि हा दिवस एकदाचा पार पडावा, एवढंच त्याला हवं होतं.

दुसरा घोट. तिसरा, तिसऱ्याला तिने डोळे मिटले.

"गॅलरीतला नळ नीट करून घेतला," ती म्हणाली. "ठिबकायचा ना, तो."

"बरं केलंस."

सीमाने वर बघितलं.  जितेंद्रला वाटलं, आपण 'केलंत' असंच म्हणालो. वहिनीला अरेतुरे त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं.

तिच्या खांद्यांत काहीतरी सैल पडलं होतं. दहा महिन्यांत पहिल्यांदा ती खुर्चीला टेकून बसली होती. ती बोलत राहिली. खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याबद्दल, पडदे काढून धुतले त्याबद्दल. ऐकताना जितेंद्रचं लक्ष ग्लासाकडे गेलं.

तीन घोटांत अर्ध्याच्या खाली उतरला होता.

फेस असेल, त्याने विचार केला. ओतताना फेसच जास्त आला असेल.

चौथा घोट. तिने ग्लास खाली ठेवला तो टेबलाच्या बरोबर मध्यावर, तिच्यापासून जेवढा लांब तेवढाच त्याच्यापासून. पंखा टक म्हणाला. रस्त्यावरून बस गेली.

सीमाने हात पुढे केला, ग्लास उचलला, पाचवा घोट घेतला आणि ग्लास उलटा करून दाखवावा तसा थोडा कलता केला. आत काही नव्हतं.

"संपली," ती म्हणाली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं.

मटिल्डा आली. फडक्याला हात पुसले. ओठ हलले, थांबले. तिने ग्लास उचलून पत्र्याच्या कडेच्या उजेडात धरला.

एकदा फिरवला.

पुन्हा फिरवला, उलट्या बाजूने.

"हे कोण प्यायलं?"

"वहिनी," जितेंद्र म्हणाला.

"एकटी?"

"मी समोर बसलोय ना सोडा घेऊन."

मटिल्डाने सोड्याकडे बघितलं. ग्लास काठोकाठ होता. बर्फ वितळून वरचं पाणी नितळ झालं होतं, स्ट्रॉला कागद तसाच होता.

"मी उष्टा ग्लास वाचत नाही," ती म्हणाली.

"आंटी." त्याचा आवाज चढला. "उष्टा कसा असेल? काल आपलं..." सीमा समोर होती. त्याने वाक्य गिळलं आणि मटिल्डाच्या हातातून ग्लास काढून घेतला.

वळी स्वच्छ उमटली होती. एकाखाली एक, पांढरी, बारीक बुडबुड्यांची. त्याने वरून मोजली. खालून मोजली. फोन काढून फोटो घेतला, ग्लास अर्धा फिरवून दुसरा घेतला, आणि फोटोतही मोजली. खिशात गोदामाचं पॅड होतं. काय करतोय हे कळायच्या आत त्याने लिहायला घेतलं होतं:

माल: काचेचा ग्लास, एक, रिकामा.
मोजलेले घोट: ५.
वळी: ९.
त्यापैकी केळींच्या अंगाला चढलेली: ५.
रस्त्याच्या अंगाला चढलेली: ४.
रस्त्याच्या अंगाला बसलेली व्यक्ती:

पेन तिथे थांबलं.

दोन वळी तिच्या अंगाला, एक त्याच्या. मग एक तिच्या, एक त्याच्या, पुन्हा तसंच, पुन्हा तसंच. अगदी पाळीपाळीने. एकाच ग्लासातून दोन माणसं निवांत बोलत पितात तशी.

त्याने नजर हलवली नव्हती. हात टेबलाखाली होते. याबद्दल तो शपथ घ्यायला तयार होता.

तोंड कडू झालं होतं.

"तोंड पूस, बाबा," मटिल्डा हळूच म्हणाली, आणि कागदी रुमाल त्याच्यासमोर ठेवला.

त्याने वरच्या ओठावरून रुमाल फिरवला. कागदावर ओली पांढरी रेघ उठली. तिच्यातले बुडबुडे एकेक करून फुटले.

"आंटी, राहू द्या," सीमा म्हणाली. "मला कळलं."

मांदेली आली. ती तिने हाताने, मन लावून खाल्ली, काटे ताटलीच्या कडेला ओळीत लावले. मग बॅगेतून तो कोरा कागद काढला आणि चार ओळींत पत्र लिहून टाकलं.

"मी जाते नाशिकला," ती म्हणाली.

जे व्हावं म्हणून जितेंद्रने दहा महिने डोकं फोडलं ते झालं होतं. कुणाला खोटंही बोलावं लागलं नव्हतं. त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि तो चरफडत बसला होता, कारण विचारायचं होतं ते विचारता येत नव्हतं. मटिल्डाला काय कळलं? वहिनीला काय कळलं? त्याला सोडून सगळ्यांनाच काहीतरी कळलं होतं.

निघताना त्याने मागे वळून बघितलं. मटिल्डाने तो ग्लास मोरीत टाकला नव्हता. फडक्यात धरून ती तो वाडीत, केळींच्या मागे घेऊन चालली होती.

पुढचे पंधरा दिवस बांधाबांधीत गेले. जितेंद्रने एकतीस खोकी स्वतः बांधली, नंबर घातले, वरची बाजू कुठली ते बाणाने दाखवलं. पुरुषाचे कपडे कुठल्या खोक्यात घालायचे हे त्याने विचारलं नाही, सीमाने सांगितलं नाही. सव्वीस नंबरचं खोकं तिने स्वतः भरलं आणि स्वतः चिकटपट्टी लावली. चावीचं नाव तिने काढलं नाही. दारावर नंबर लावू का, असं त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कशाला?"

या दिवसांत ती त्याला भावोजी म्हणाली नाही. त्याच्या ते उशिरा लक्षात आलं.

नाशिकच्या सोसायटीत टेम्पो सकाळी दहाला पोचला. एकही खोकं कललं नव्हतं, एकाही काचेला तडा नव्हता. त्याच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. सामान वर चढलं, आणि मग गेटजवळच्या ऑफिसातला क्लार्क म्हणाला की फॉर्म भरल्याशिवाय लिफ्टचा कायमचा पास मिळणार नाही. गोरासा, चष्मा कपाळावर ठेवणारा माणूस होता. पंख्याखाली बसून त्याने दोन पानी फॉर्म पुढे सरकवला.

जितेंद्रने झरझर भरला. सीमाचं नाव, लॅबोरेटरीचं नाव, गाडी नाही, कुत्रा नाही. माल आणून देणारा म्हणून खाली स्वतःचं नाव आणि सही.

क्लार्कने वाचलं. "मिस्टरांचा आधार पण लागेल. म्हणजे तुमचा."

"मी मिस्टर नाही. दीर आहे त्यांचा."

"मग हे?"

जितेंद्रने फॉर्म आपल्याकडे वळवला. अक्षर त्याचंच होतं. डावीकडे झुकणारं, गोदामातल्या हजार फॉर्मांवर होतं ते. हर्षवर्धन शरदचंद्र साळवी.

"चुकलं," तो म्हणाला. "दुसरा द्या."

दुसरा फॉर्म त्याने सावकाश भरला. नावाच्या रकान्याशी येऊन थांबला. एकेक अक्षर मनात म्हणत, पहिल्यांदा शाळेत लिहितात तसं त्याने स्वतःचं नाव लिहिलं. पुन्हा वाचलं. जितेंद्र. बरोबर होतं. त्याने फॉर्म दिला.

क्लार्कने चष्मा खाली ओढला आणि मोठ्याने वाचलं. "हर्षवर्धन शरदचंद्र साळवी. मग चुकलेलं काय होतं?"

"इकडे आणा."

"साहेब, दोन्ही सारखेच भरलेत."

"तिसरा द्या म्हणतोय ना."

"फॉर्म सोसायटीचे आहेत," क्लार्क शांतपणे म्हणाला, आणि दुसरा फॉर्म त्याच्या हाताला लागू नये असा बाजूला ठेवला.

दारातून सीमा वाकून बघत होती. तिने केस बांधले होते, पदर खोचला होता. "झालं का रे? वर ये. पोळ्या गार होतायत."

"आलो," तो म्हणाला.

क्लार्कने दुसरं पान उलटलं. "तातडीच्या वेळी संपर्क. जितेंद्र साळवी, भाऊ. हा नंबर चालू आहे ना? आमच्याकडे लावून बघावा लागतो, लोक काहीही लिहितात."

नंबर जितेंद्रचाच होता. त्याचा फोन दोघांच्या मधे, टेबलावर, फॉर्मच्या शेजारी उताणा पडला होता.

क्लार्कने ऑफिसच्या फोनवरून आकडे दाबले. जितेंद्र आपल्या फोनकडे बघत राहिला.

तो वाजला नाही. उजळलाही नाही.

"लागला," क्लार्क म्हणाला. "हॅलो? हॅलो, जितेंद्र साळवी का?"

त्याने रिसीव्हर कानाला जरा दाबून धरला, भुवया वर केल्या, थोडा वेळ ऐकलं आणि खाली ठेवला.

"उचलला त्यांनी. पण बोलणं ऐकू येत नाही. पाणी पडल्याचाच आवाज आहे सगळा," तो म्हणाला, आणि त्या रकान्यासमोर बरोबरची खूण केली.